नवे स्वयंसेवक आणि आमचे स्वागतसमारंभ

पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले, वर्ग सुरळीत सुरू झाले, की आमच्या विद्यार्थी संघाच्या फलकावर दर वर्षी एक कागद लागतो. 'नूतन स्वयंसेवकांचा स्वागतसमारंभ. सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे.' त्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, टेबलावर धुतलेली चादर अंथरली जाते, समई आणली जाते आणि तिची वात ऐन वेळी हमखास विझते. प्रमुख पाहुणे, प्राचार्य, संघाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, चिटणीस असे सहा-सातजण बोलतात. सेवा, त्याग, समर्पण, राष्ट्रउभारणी हे शब्द प्रत्येकाच्या भाषणात येतात. शेवटी नव्या मुलांना एकेक करून उभे केले जाते, नाव, वर्ग आणि गाव विचारले जाते, टाळ्या होतात, गुलाबाचे एकेक फूल मिळते आणि चहा होतो. आभार मानणाऱ्याकडून कोणाचे तरी नाव राहते आणि तो पुन्हा माइककडे धावतो.

गेल्या वर्षी हा समारंभ मीच घडवून आणला. मी संघाची चिटणीस होते. तेव्हा पुढे जी टीका येईल ती मी इतरांवर करते आहे असे कोणी समजू नये. तिचा पहिला वाटा माझ्याच पदरात पडतो.

त्या दिवशी चाळीसएक मुलामुलींनी नावे दिली. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही रक्तदान शिबिराच्या तयारीला जमलो तेव्हा त्यांतली आठ-नऊजणेच आली. त्यांपैकी दोघांना शिबिर कोणत्या खोलीत आहे हेही ठाऊक नव्हते. आमच्यातल्या ज्येष्ठांनी नेहमीचे निदान केले. आजकालच्या मुलांना सेवा नको, प्रमाणपत्र पाहिजे. मोबाइलने मुले बिघडली. मीही मान डोलावली. हे निदान करायला फार सोपे आहे, कारण त्यात आपल्याला काहीच बदलावे लागत नाही.

पण त्यानंतर पंधरवड्यात एक गोष्ट घडली, आणि हा लेख लिहावा असे मला तिच्यामुळेच वाटले.

कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी काही कागद काढायला गेले होते. बाहेर पाऊस नव्हता, पण गर्दी पावसात असते तशी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली होती. संगणकापाशी एक मुलगा उभा होता आणि खानापूर तालुक्यातल्या दोघा मुलांचा अर्ज वाचून दाखवत होता. दोघेही मराठी माध्यमातले. कन्नड त्यांना शाळेत विषय म्हणून होते, त्यामुळे अक्षर लागत होते, पण सरकारी कन्नडचा अर्थ लागत नव्हता. (खरे सांगायचे तर तो कन्नड माध्यमाच्या मुलांनाही पटकन लागत नाही. सरकारी मराठीची कथा तरी कुठे निराळी आहे?) हा मुलगा एकेक रकाना वाची, मोडक्यातोडक्या मराठीत सांगे, आणि त्यांचे उत्तर स्वतः टाईप करी. एकाचे झाले की दुसऱ्याचे. स्वतःचा अर्ज त्याने आधीच भरला होता. तो केवळ थांबला होता.

मी त्याला म्हटले, "अरे, तू आमच्या संघात का येत नाहीस? आम्हांला असेच कोणीतरी हवे आहे."

तो हसला. म्हणाला, "अक्का, मी होतो की त्या दिवशी. नाव पण दिलंय. दीड तास बसलो. त्यात माझं नाव तेवढं कळलं बघा."

तो गोकाककडचा, कन्नड माध्यमात शिकलेला. आमच्या त्या समारंभात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही वाक्य कन्नडमध्ये झाले नव्हते. मुद्दाम नव्हे. कोणाच्या मनातही तसे काही नव्हते. सूत्रसंचालन मराठी, भाषणे मराठी, चहाच्या वेळच्या गप्पा मराठी. आम्ही सगळे आपापल्या ओळखीच्या घोळक्यात उभे. तो कोपऱ्यात फूल हातात घेऊन उभा राहिला असेल आणि निघून गेला असेल. ते आम्हांला कोणालाच दिसले नाही. मी त्याला पुन्हा यायला सांगितले. "बघू अक्का," म्हणाला. आला नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वाचून कोणी असे समजेल की चूक नेहमी एकाच भाषेकडून होते. आमच्याच संघातली एक मुलगी निपाणीची आहे. निपाणीच्या मुलांना खरे तर जवळचे कॉलेज म्हणजे देवचंद. ते अर्जुननगरला, म्हणजे हद्दीच्या पलीकडे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले. ही मात्र मावशीकडे राहून टिळकवाडीत शिकायला आली. तिला एका सात दिवसांच्या शिबिराला पाठवले होते. कुठल्या ते सांगत नाही. तिथे सारे कन्नडमध्ये. पहिल्या दिवशीचा परिचयवर्ग, सूचना, गटांची विभागणी, सगळे. हिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. शाळेत कन्नडला हिला चांगले गुण होते, पण बोलायची वेळ कधी आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली, कारण तिथे बोलावे लागत नव्हते. भाकऱ्या थापता येत होत्या. तिथल्या आक्कांनी, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईंनी, तिच्यापुढे पिठाची परात सरकवली आणि विचारले, "ऊट आतेन्री?" जेवण झाले का. त्या एका प्रश्नापासून तिचे बोलके कन्नड सुरू झाले. पाचव्या दिवशी ती गावातल्या बायकांशी बोलायला गटाबरोबर गेली. आज बसपासापासून दवाखान्यापर्यंत कुठेही कन्नडचे काम निघाले की आम्ही तिलाच पुढे करतो.

या दोघांकडे पाहून मला जे वाटते ते एवढेच. ज्याला आम्ही फूल दिले आणि भाषण ऐकवले तो गेला. जिच्यापुढे कोणीतरी परात सरकवली ती राहिली. नव्या स्वयंसेवकाची संघाशी ओळख करून द्यायची ती त्याला पहिल्याच दिवशी काम देऊन, त्याला समजेल अशा भाषेत आणि बरोबरीच्या माणसाशेजारी उभे करून. बाकीचे नंतर होते, किंवा नाही झाले तरी चालते.

हे म्हणणे मी माझ्या पदरचे मांडत असले तरी याला आपल्या टिळकवाडीतच जुना दाखला आहे. आपण रोज काँग्रेस रोडवरून ये-जा करतो. पहिल्या रेल्वे गेटपाशी दुचाकी अडकली की वैतागतो. पण या रस्त्याला काँग्रेसचे नाव का, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारले तर निम्म्यांना सांगता येत नाही. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन इथे भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याचा सारा भार उचलला. अधिवेशननगराला विजयनगर हे नाव दिले होते, आणि पाण्यासाठी जी विहीर खोदली तिला पंपासरोवर. तीच आजची काँग्रेस विहीर. २०२४ च्या डिसेंबरात तिला शंभर वर्षे झाली, तेव्हा रोषणाई वगैरे झाली. ती आपण सगळ्यांनीच पाहिली.

अधिवेशनाची भाषणे ग्रंथांत सापडतात. मला कुतूहल आहे ते स्वयंसेवकांचे. हजारो माणसे येणार, त्यांना पाणी, जेवण, झोपायला जागा आणि सकाळी शौचाला जाण्याची सोय हवी. हे कोणी केले? डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर हे हुबळीचे कार्यकर्ते. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते हुबळीच्या तरुणांची तुकडी घेऊन गेले. तुरुंगात पुष्कळांनी माफी लिहून दिली, पण हुबळीच्या मुलांनी दिली नाही. त्यातूनच, स्वयंसेवकांना नीट शिकवून तयार करणारी एखादी कायमची संघटना हवी हा विचार पुढे आला आणि १९२३ च्या डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी बेळगावला या तरुणांची परीक्षा झाली. सफाईचे काम काका कालेलकरांकडे होते. बेळगावशी आणि इथल्या बेळगुंदीशी त्यांचे लहानपणापासूनचे नाते. सवर्ण घरांतली शिकलेली मुले तेव्हा शौचकूप साफ करायला उतरली. शंभर वर्षांपूर्वी ही केवढी गोष्ट असेल याची कल्पना करावी. त्या मुलांना कोणी आधी फूल दिले असेल असे मला वाटत नाही. हातात फावडे मिळाले असेल.

त्या मुलांतही कानडी आणि मराठी दोन्ही होते. गंगाधररावांचे बोलणे-लिहिणे मराठीत, आणि त्यांना पदवी मिळाली ती 'कर्नाटक सिंह' ही! त्याच अधिवेशनात हुइलगोळ नारायणरावांचे कन्नड नाडाचे गीत गायिले गेले. आज या दोन गोष्टी एका मांडवात बसवायच्या म्हटल्या तर आधी बंदोबस्त मागवावा लागेल. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याच्याविषयी प्रत्येकाच्या घरी एक मत आहे, माझ्याही घरी आहे, आणि ते ठेवण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. या लेखाचा तो विषय नव्हे. मी बोलते आहे ते शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी.

त्या अधिवेशनातली आणखी एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. गांधीजींसमोर गायिल्याचा आनंद तर तिला होताच. पण गंगूबाईंनी म्हातारपणी मुलाखतींत जी आठवण सांगितली ती दुसरीच. जेवणे झाल्यावर आपल्याला जातीमुळे उष्टी काढायला सांगतील की काय, ही धास्ती त्या दिवशी त्यांच्या मनात होती. एवढे मोठे अधिवेशन, एवढी मोठी माणसे, आणि लहान मुलीच्या मनात काय राहिले? तर आपल्याला कुठे उभे करतील ही भीती. आमच्या समारंभात जेव्हा आम्ही एकेकाला उभे करून "आडनाव काय, गाव कुठले" असे विचारतो, तेव्हा आम्ही ते सहज विचारतो. पण उत्तर देणाऱ्याच्या मनात काय चालले असेल? बेळगावात आडनाव सांगितले की जात कळते, गाव सांगितले की भाषा कळते, आणि दोन्ही कळले की कोणत्या घोळक्यात उभे राहायचे ते ठरते. हा प्रश्न पहिल्या दिवशी न विचारता चालेल. नाव विचारावे, आणि पेन चालते का ते विचारावे.

दोन भाषांच्या विद्यार्थ्यांनी एका संघात कसे नांदायचे, हा प्रश्न काही बेळगावातच पहिल्यांदा निघालेला नाही. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक, म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली काढलेली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, हिच्यापुढेही तो होता. तिने तो फार व्यवहारी बुद्धीने सोडवला. एक मराठी शाखा काढली, ज्ञानप्रसारक सभा. एक गुजराती शाखा काढली, ज्ञानप्रसारक मंडळी. आणि संस्था एकच ठेवली. ज्याने त्याने आपल्या भाषेत निबंध वाचावेत, व्याख्याने द्यावीत. पण १८४९ साली मुलींच्या शाळा काढायच्या ठरल्या तेव्हा पारशी आणि हिंदू दोन्ही मुलींसाठी त्या काढल्या, आणि सुरुवातीला शिकवायला उभे राहिले ते हे विद्यार्थीच, फुकट, सकाळी स्वतःचे वर्ग सुरू होण्याआधी. त्यांतले दादाभाई नौरोजी पुढे पार्लमेंटात गेले, पण तेव्हा ते घरोघर जाऊन "तुमच्या मुलीला शाळेत पाठवा" म्हणून आईबापांची मनधरणी करीत होते. काही ठिकाणी जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी मिळाली. स्वयंसेवकाची याहून चांगली ओळखपरेड कोणती असेल?

आमच्या नियतकालिकाचेही तसेच आहे. पुढून उघडले की मराठी विभाग, पाठीमागून उघडले की कन्नड. बांधणी एकच. मात्र मराठी विभागातले लेखक कन्नड विभागाची पाने उलटतात का, असे मी यंदा चारजणांना विचारले. दोघांनी फोटो पाहतो म्हणून सांगितले.

आता थोडे नियमांविषयी. आमच्या विद्यार्थी संघाची आणि राष्ट्रीय सेवा योजनेची माणसे बहुतेक तीच ती आहेत, म्हणून दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे, आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर. या तासांपैकी वीस तास नव्या मुलांना कामाची ओळख करून देण्यासाठी ठेवले आहेत. कल्पना चांगलीच आहे. पण हे वीस तास कसे भरतात ते आपल्याला ठाऊक आहे. व्याख्यान दोन तास, चित्रफीत दोन तास, पाहुण्यांची वाट पाहणे एक तास. वहीत सही झाली की तास झाला. योजनेचे ब्रीद मराठीत 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी', कन्नडमध्ये 'ननगल्ल, निनगे'. ते छातीवर लावून आम्ही आपल्याच तासांची बेरीज करीत बसतो. वीस तासांतले पंधरा जरी शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या टेबलापाशी गेले, तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला या कॉलेजात कोण शिकते, कोणाला कशाची अडचण आहे, ऑफिसात कोणाकडे कोणता कागद असतो, हे सगळे कळेल.

टेबलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्याकडे चंदगड तालुक्यातून, म्हणजे महाराष्ट्रातून, रोज मुली येतात. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसगाड्यांत बायकांना तिकीट नाही, पण ते राज्यातल्या रहिवाशांना. चंदगडच्या मुलीला पास किंवा तिकीट काढावेच लागते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघी, एकीला तिकीट, एकीला नाही! ही गोष्ट आम्हां ज्येष्ठांना वर्षभर कळली नव्हती. ती आम्हांला सांगितली पहिल्या वर्षाच्या एका मुलीने, कारण पासाचे टेबल सांभाळायला तिला बसवले होते. नव्यांना आपण माहिती द्यायची असते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ती त्यांच्याकडूनच मिळते, पण त्यासाठी त्यांना टेबलापाशी बसवावे लागते.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. एक म्हणजे, स्वागतच नको का? पाहुणे नकोत का? मी म्हणते, असावेत; पण वर्षाच्या शेवटी. तेव्हा जी मुले टिकली त्यांना फूल द्यावे, आणि ते त्यांना शोभेल. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पहिल्याच दिवशी काम दिले तर मुले घाबरून पळतील. काही पळतीलही. पण आताही ती पळतातच, फक्त आपल्याला दिवाळीनंतर कळते. ज्याला हे जमत नाही त्याला पहिल्या पंधरवड्यात सन्मानाने जाऊ द्यावे, रस्त्यात भेटला तर तोंड फिरवू नये. तिसरा आक्षेप शिस्तीचा. मोठ्यांच्या भाषणांतून शिस्त लागते म्हणतात. आमच्या संघातले जुने अण्णा सांगतात की २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, गोकाक पाण्यात गेले, पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळ बंद पडला, तेव्हा एका सकाळी कॉलेजच्या दारात मुले येऊन उभी राहिली. नावे कोणी लिहून घेतली नाहीत. कपडे निवडायचे, पाकिटे बांधायची, ट्रक भरायचा. कोण मराठी, कोण कन्नड हे तिसऱ्या दिवशी जेवताना कळले. मी तेव्हा शाळेत होते. पण त्या वेळची पाच-सहाजणे पुढे तीन वर्षे संघात राहिली, हे मी स्वतः जुन्या वहीत पाहिले आहे.

अर्थात पूर काही दर वर्षी यावा असे कोणी म्हणणार नाही, आणि पुरात जी ऊर्मी येते ती शिष्यवृत्तीच्या अर्जांत येत नाही हेही मान्य आहे. म्हणूनच जोडीची गरज आहे. माझे ठाम मत आहे की नव्या प्रत्येक स्वयंसेवकाला एक जुना सोबती द्यावा, आणि शक्य तिथे एक मराठी, एक कन्नड अशी जोडी लावावी. ऐक्याचा देखावा करायला नव्हे. अर्ज कन्नडमध्ये असतो, भरणारा मराठीत बोलतो, दोघांना दोघेही लागतात. जोडीतला मोठा मुलगा 'अण्णा' आणि मोठी मुलगी 'अक्का'. हे शब्द कानडी की मराठी, हे आपल्या आज्ज्यांनाही सांगता आले नसते. तेवढी सोय आपल्याला आयतीच मिळालेली आहे. आणि सूचना फलकावर लावायची ती दोन्ही लिपींत, एकाच कागदावर, एकाच मापाच्या अक्षरांत लावावी. खाली बारीक अक्षरांत दुसरी भाषा लिहिली की ती न लिहिल्यासारखीच असते. हे मराठीलाही लागू, कन्नडलाही.

आणखी एक गोष्ट, जी ज्येष्ठांना बहुधा आवडणार नाही. नव्यांना पहिल्याच आठवड्यात संघाचा जमाखर्च दाखवावा. गेल्या वर्षी समारंभ झाल्यावर पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला साधेपणाने विचारले, "ताई, ही फुलं, हार आणि शाल किती रुपयांची झाली?" मी सांगितले. तिने पुन्हा विचारले, "आणि पुस्तकपेढीला यंदा किती पुस्तकं घेतली?" मला आकडा ठाऊक होता, पण सांगायला जीभ रेटली नाही, हारांचा आकडा मोठा होता. दोन्ही बिलांवर सही माझीच. १९२४ च्या अधिवेशनात एवढा पसारा सांभाळून शेवटी काही रुपये शिल्लक राहिले आणि तेही हिशोबात दाखवले गेले. आमचा हिशोब सातशे लोकांसमोर नव्हे, चाळीसजणांसमोर वाचायचा आहे. ती मुलगी अजून संघात आहे. यंदाची पुस्तकखरेदी मी तिलाच सोपवायला सांगून जाते आहे.

आमचे कॉलेज पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेले होते. २०१० मध्ये बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यापासून त्याच्याकडे आले. विद्यापीठ बदलले, परीक्षेच्या पद्धती तर माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या, पण स्वागतसमारंभाचा कागद तोच राहिला. जुन्या फाइलीत वीस वर्षांपूर्वीची एक प्रत सापडली. तारीख सोडली तर शब्दही बदललेला नाही. यंदा तो कागद लागणार नाही अशी मला आशा आहे. नवे चिटणीस तसे म्हणाले आहेत. पण ते अध्यक्षांना विचारायचे राहिले आहेत, आणि अध्यक्षांनी पाहुण्यांना आधीच शब्द दिला आहे असे ऐकते. बघू.

जाता जाता नव्या चिटणिसांसाठी काही गोष्टी इथेच लिहून ठेवते, कारण फाइलीत लिहिलेले कोणी वाचत नाही. अर्जांच्या टेबलाला पोर्चमधली जागा मागावी, वरच्या मजल्यावर कोणी येत नाही. पेने दोरीने बांधावीत. फोटो चिकटवायला खळ ठेवावी, अजूनही दहात एक अर्ज कागदाचा निघतो. गोकाककडच्या त्या मुलाचा वर्ग आणि तुकडी मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे. त्याला सभेचे बोलावणे पाठवू नये. मुदतीच्या आदल्या आठवड्यात थेट टेबलाशी बोलवावे, आणि बोलवायला निपाणीच्या अक्कांना पाठवावे. पुस्तकपेढीच्या कपाटाची किल्ली ऑफिसात शिपाईमामांकडे आहे. फिरवताना दार थोडे वर उचलावे लागते. कन्नड पुस्तके सगळ्यांत खालच्या खणात आहेत, ती मधल्या खणात घ्यायची राहून गेली.